‘चार्ज’ आणि ‘ड्रॉ’ : एका शब्दाचे दहा अर्थ लावताना या चुका टाळा

तासगावकडचे एक बेदाणावाले काका दोन वर्षांपूर्वी माझ्या सांगलीतल्या इंग्रजीच्या क्लासवर आले. शिकायला नव्हे, कागद दाखवायला. व्यापाऱ्यानं दिलेला चेक परत आला होता आणि त्याला बँकेची एक छोटी चिठ्ठी टाचलेली होती. चिठ्ठीवर छापील कारणांची यादी आणि त्यातल्या एका ओळीपुढं टिक : ‘रेफर टू ड्रॉअर’. घरात बारावीला असलेल्या पुतण्यानं भाषांतर करून दिलं होतं, ‘ड्रॉवर बघा’. मग घरचं टेबल, कपाट, देवघराखालचा खण, सगळं उपसून झालं. काहीच हाती लागेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून असा अर्थ काढला की बँक म्हणतेय, कागद ड्रॉवरमध्ये नीट ठेवा. ठेवला. 19 दिवस.

“म्हटलं आता इंग्रजीच्या बाईंना तरी दाखवावं,” काका म्हणाले. “ड्रॉवरनं काय पैसे दिले न्हाईत.”

या ड्रॉअरचा कपाटाशी काडीचा संबंध नाही. चेक लिहून त्यावर सही करणारा तो ड्रॉअर. ज्या बँकेवर चेक काढला ती ड्रॉई. ज्याच्या नावानं काढला तो पेयी. म्हणजे बँकेचं म्हणणं एवढंच होतं, की चेक का वटला नाही ते देणाऱ्यालाच विचारा. आणि विचारायलाही घड्याळ लावलेलं असतं. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 प्रमाणे, चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाली की देणाऱ्याला पैसे चुकते करायला 15 दिवस असतात. काकांच्या 30 दिवसांतले 19 खणात गेले होते.

त्यांना त्याच दुपारी वकिलाकडं पाठवलं. पण तो कागद माझ्या डोक्यातून जाईना. पुतण्याचं काय चुकलं? त्याला ‘ड्रॉअर’ शब्द येत नव्हता असं नाही. येत होता, आणि तोच घात झाला. एक अर्थ पक्का येत असला की माणूस दुसरा शोधतच नाही.

तेव्हापासून क्लासमध्ये एक खेळ सुरू केला. इंग्रजीतले दोन शब्द घ्यायचे, एकमेकांच्या नात्याचे ना गोत्याचे, आणि त्यांचे सगळे अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी मांडायचे. पहिल्या जोडीत ‘ड्रॉ’ ठरलेलाच होता. दुसरा शब्द मागच्या बाकावरच्या एकानं मोबाईलची वायर वर करून सुचवला : ‘चार्ज’.

दोनच का, हे मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलेल्याला सांगावं लागत नाही. एकच ढीग समोर असला की सगळं पिवळंधमक दिसतं. शेजारी दुसऱ्याचा माल ओतला की याचा रंग केशरी, त्याचा फिका, हे लगेच कळतं. आणि खरा व्यापारी तेवढ्यावर थांबत नाही. तो हळकुंड मोडून आतला रंग बघतो.

पहिली चूक : अर्थांची यादी पाठ करणं

गाईडात ‘चार्ज’पुढं छापलेलं असतं : शुल्क, आरोप, ताबा, हल्ला, विद्युतभार, जबाबदारी. ‘ड्रॉ’पुढं : चित्र काढणे, ओढणे, बरोबरी, सोडत, आकर्षित करणे. पोरं ही यादी पाढ्यासारखी घोकतात आणि परीक्षेत नेमका चुकीचा पाढा म्हणतात. कारण यादीला दोरा नसतो, आणि दोरा नसला की मणी घरंगळतात.

हळकुंड मोडून बघू. ‘चार्ज’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘कारुस’ आहे, म्हणजे गाडी. त्यावरून नंतरच्या लॅटिनमध्ये ‘कारिकारे’ झालं, गाडीत माल लादणं. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. कार, कॅरी, कार्गो ही त्याचीच भावकी. ‘ड्रॉ’ मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतला, ‘द्रागान’, म्हणजे ओढणं. ‘ड्रॅग’ त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे एक शब्द लादण्याचा आणि दुसरा ओढण्याचा.

कारखान्याच्या वाटेवर हंगामात उभं राहून बघा. मागं ऊस लादलेला, तो चार्ज. पुढं माना खाली घालून बैल चाललेत, तो ड्रॉ. दोन शब्दांचं गाव वेगळं, कूळ वेगळं, पण चित्र एकाच गाडीत बसतं. हे एवढं डोळ्यापुढं ठेवलं तर निम्म्या यादीची गरज उरत नाही.

गंमत अशी, की आपल्या मराठीनं ‘चार्ज’मधलं ओझं आधीच ओळखलेलं आहे. ऑफिसातला चार्ज म्हणजे पदभार, कार्यभार. जादा चार्ज म्हणजे अतिरिक्त कार्यभार. विज्ञानाच्या पुस्तकातला चार्ज म्हणजे प्रभार. सरचार्ज म्हणजे अधिभार. सभेतलं वातावरण ‘चार्ज्ड’ असतं तेव्हा ते भारलेलं असतं. फक्त इथं जरा जपून, कारण आपलं ‘भारलेलं’ मंत्रमुग्धतेकडं झुकतं आणि इंग्रजीतलं ‘चार्ज्ड’ बऱ्याचदा तणावाकडं. आणि सगळ्यात नेमका शब्द तर सातबाऱ्यावर आहे. सोसायटीचं कर्ज घेतलं की इतर हक्कात काय चढतो? बोजा. इंग्रजी कागदात त्यालाच ‘चार्ज’ म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 48 मध्ये कर्जदार सभासदाच्या जमिनीवर असा चार्ज ठेवण्याची तरतूद आहे. आपण ज्याला इकरार करून देणं म्हणतो ते हेच. आणि इथं एक चूक हमखास होते : ‘चार्ज’चं भाषांतर ‘गहाण’ करतात. गहाण म्हणजे मॉर्गेज. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, 1882 सालच्या, मॉर्गेज कलम 58 मध्ये आहे आणि चार्ज कलम 100 मध्ये. गहाणात मालमत्तेतला काही हक्क गहाण घेणाऱ्याकडं जातो. बोजात तो जात नाही, पण देणं त्या जमिनीवर बसतं. ज्यांना जमिनीचे कागद इंग्रजीतून वाचावे लागतात त्यांनी हा फरक वहीत नव्हे, कपाळावर लिहून ठेवावा.

‘चार्ज’चा सगळ्यात जुना अर्थ अजून जिवंत बघायचा असेल तर फाउंड्रीत जा. आपल्याकडं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि लोखंडी नांगराबरोबर ओतकामही या मातीत रुजलं. भट्टीत कोक, कच्चं लोखंड, भंगार, चुनखडी टाकतात, त्या घाण्याला कामगार ‘चार्ज’च म्हणतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील फाउंड्रीत होते. फळ्यावरची यादी बघून तो म्हणाला, “मॅडम, आमच्यात तर चार्ज टाकत्यात.” शिक्षकाला न सुचलेली ओळ विद्यार्थी भरतो ती अशी. गाडी जाऊन भट्टी आली, लादणं तेच राहिलं. विहिरीच्या सुरुंगात ठासतात तो दारूचा चार्जही त्यातलाच.

‘माझं चार्जिंग संपलं’

ही चूक इतकी रोजची आहे की ती चूक वाटतही नाही. मराठीत “चार्जिंग संपलं” म्हटलं की बॅटरी गेली, फोन बंद पडणार. मराठीत हे ठीकच आहे, कुणी हसू नये. पण पोरगं मुलाखतीला उशिरा पोचतं आणि सांगतं, “सर, माय मोबाईल्स चार्जिंग वॉज फिनिश्ड.” इंग्रजी कानाला याचा अर्थ बरोबर उलटा लागतो : चार्जिंगचं काम पूर्ण झालं, म्हणजे बॅटरी शंभर टक्के भरली. मग फोन का उचलला नाहीस बाबा?

म्हणायचं असतं “माय बॅटरी वॉज डेड” किंवा “माय फोन रॅन आउट ऑफ चार्ज”. ‘चार्ज’ म्हणजे आत साठलेला भार. ‘चार्जिंग’ म्हणजे भरण्याची क्रिया. आपण मराठीत क्रियेचं नाव वस्तूला दिलंय, तेवढीच गफलत. जाता जाता, बाजारात ‘चार्जेबल बॅटरी’ मागू नका. ‘चार्जेबल’ म्हणजे ज्याचे पैसे पडतात ते. बॅटरी ‘रिचार्जेबल’ असते.

‘नवे साहेब चार्ज झाले’

स्पर्धा परीक्षेच्या बॅचमध्ये एकीनं बातमी लिहिली : “द न्यू कलेक्टर वॉज चार्ज्ड यस्टरडे.” तिला म्हणायचं होतं, नव्या जिल्हाधिकाऱ्यांनी काल पदभार घेतला. तिनं लिहिलं होतं, नव्या जिल्हाधिकाऱ्यांवर काल आरोप ठेवला. पदभार घेणं म्हणजे ‘टुक चार्ज’. साहेब चार्ज घेतात. साहेब चार्ज झाले तर ते आत जातील.

‘चार्ज’ हा शब्द असा शेजाऱ्यावरून ओळखायचा असतो. ‘चार्ज्ड विथ’ आलं की आरोप : ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. आपल्याकडं सर्रास ‘चार्ज्ड फॉर थेफ्ट’ लिहितात, आणि ते वाचताना चोरी करून देण्याची फी घेतल्यासारखं वाटतं, कारण ‘चार्ज्ड फॉर’ म्हणजे अमुक गोष्टीचे पैसे लावले. ‘चार्ज्ड टू’ म्हणजे अमुक खात्यावर टाकले. ‘चार्ज्ड ॲट’ म्हणजे अंगावर धावून गेला, पिसाळलेल्या वळूसारखा. क्रियापद तेच, मागचं एवढंसं अक्षर बदललं की कधी कोर्ट, कधी काउंटर, कधी गोठा.

आणि एका ‘द’चा चमत्कार तर मला स्वतःला कॉलेजात उशिरा कळला. ‘ही इज इन चार्ज ऑफ हिज अंकल’ म्हणजे काकांची काळजी हा घेतो. ‘ही इज इन द चार्ज ऑफ हिज अंकल’ म्हणजे काका याची काळजी घेतात. भार कोणी कोणावर टाकला, ते तीन अक्षरी शब्दावर ठरतं. ‘क्लास इनचार्ज’ असं एकत्र लिहून त्याचं नाम करायची आपल्याकडची पद्धत ऑफिसच्या दारावर चालते, परीक्षेच्या पेपरात ‘इन चार्ज’ सुटं लिहावं.

याच घरातला एक अर्थ गाईडवाले गाळतात. उताऱ्यात वाक्य होतं, ‘द नर्स फेड हर यंग चार्जेस.’ मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथल्याच एका मुलीनं उत्तर लिहिलं, ‘नर्सने तिची लहान फी भरली.’ मी आधी हसले, मग लक्षात आलं की तिनं व्याकरण काटेकोर पाळलं होतं, बिचारीला अर्थच दिला नव्हता कुणी. ज्या लेकरांचा भार नर्सवर आहे ती लेकरं म्हणजे तिचे ‘चार्जेस’. नर्सनं लहानग्यांना भरवलं, एवढंच ते वाक्य.

बातमी वाचताना

‘चार्ज्ड’ म्हणजे दोषी नव्हे. हे दहा वेळा सांगूनही पेपर वाचणारी मोठी माणसं चुकतात. एफआयआर म्हणजे पोलिसांकडं नोंदलेली पहिली खबर. तपास झाला की पोलीस कोर्टात चार्जशीट देतात, आपल्या भाषेत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. त्यानंतर कोर्ट ‘चार्ज फ्रेम’ करतं, म्हणजे आरोप निश्चित करतं. मग साक्षीपुरावे, आणि शेवटी निकाल. 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायद्यांची नावं बदलली, भारतीय न्याय संहिता वगैरे आली, पण हा क्रम तसाच आहे. दोषी ठरतो तो ‘कन्व्हिक्टेड’. चार्जशीट पोलिसांची आणि चार्ज कोर्टाचा, एवढं धरून ठेवलं तरी बातमी सरळ वाचता येते. लाठीचार्जचा या साखळीशी संबंध नाही. तिथं ‘चार्ज’ म्हणजे चालून जाणं. त्यात ‘सौम्य’ काय असतं ते ज्याच्या पाठीवर बसलं त्यालाच विचारावं.

‘काढणे’ नावाचा सापळा

आता दुसरा ढीग. ‘ड्रॉ’चं दुखणं वेगळं आहे. ‘चार्ज’मध्ये मराठी आपल्याला मदत करते, इथं ती मदत करता करता पाडते.

झालंय असं, की आपल्या ‘काढणे’शी ‘ड्रॉ’ आश्चर्य वाटावं इतका जुळतो. चित्र काढणं, रांगोळी काढणं, विहिरीतून पाणी काढणं, नसेतून रक्त काढणं, चिठ्ठी काढणं, पगार काढणं, निष्कर्ष काढणं, म्यानातून तलवार काढणं : सगळीकडं ‘ड्रॉ’ बिनधास्त चालतो. आत असलेलं बाहेर ओढायचं, मग ती बादली असो, रेघ असो वा अनुमान. एवढी आठ-नऊ उदाहरणं जुळली की पोराचा विश्वास बसतो. आणि मग ते लिहितं :

‘आय ड्रू अ फोटो ऑन माय मोबाईल.’
‘माय फादर ड्रू अ लोन.’
‘वुई ड्रू टिकेट्स ॲट मिरज स्टेशन.’
‘ही ड्रू हिज शूज आउटसाइड द टेंपल.’

चारही चूक. फोटो ‘टेक’ करतात, कर्जही ‘टेक’, तिकीट ‘बाय’, बूट ‘टेक ऑफ’. राग काढणं, दिवस काढणं, खोड्या काढणं, म्हशीची धार काढणं, यातलं काहीच ‘ड्रॉ’ नाही. धार तर ‘मिल्क’ या क्रियापदानं काढतात. चौथ्या वाक्यातल्या बुटांचं तर चित्रच होऊन बसलं : देवळाबाहेर बसून तो बूट रेखाटतोय.

मी सांगते ती कसोटी साधी आहे. ‘काढणे’च्या जागी ‘ओढून काढणे’ घालून बघा. पाणी ओढून काढलं, बसतं. रक्त ओढून काढलं, बसतं. रेघ ओढली, बसतंच. सोडतीची चिठ्ठी डब्यातून ओढून काढली, बसतं. तिकीट ओढून काढलं? खिडकीतला माणूस हात धरेल. बसत नसेल तर ‘ड्रॉ’ सोडा. ही कसोटी शंभर टक्के नाही. बूट ओढून काढता येतात, तरी ते ‘ड्रॉ’ होत नाहीत. पण दहातली आठ वाक्यं वाचवते.

सरकारी नोकरीच्या वाटेवरच्यांसाठी एक खास खड्डा. ‘ड्रॉइंग अँड डिस्बर्सिंग ऑफिसर’. एका हुशार मुलानं मला गंभीरपणे विचारलं होतं, “मॅडम, चित्रकलेचा ऑफिसर पगार का वाटतो?” हा ड्रॉइंग म्हणजे कोषागारातून पैसे काढणं. मराठीत पद आहे आहरण व संवितरण अधिकारी, आणि खरं सांगायचं तर ते मराठी नाव कळायला मुलाला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागला. बँकेतलं ‘विथड्रॉ’, ज्याला आपण विड्रॉल करून टाकलंय, तेही मागं ओढून घेणंच. घरातली ‘ड्रॉइंग रूम’सुद्धा चित्रांची खोली नाही. जेवण झाल्यावर उठून जिथं जाऊन बसायचं ती ‘विथड्रॉइंग रूम’, तिचा पुढचा तुकडा कालांतरानं गळून पडला.

पडद्याचं एक सांगते, कारण हे गाव नाटकाचं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ सांगलीतच केलं. ‘ड्रॉ द कर्टन्स’ म्हणजे पडदा उघडा की लावा? दोन्ही होतं. बहुतेक वेळा लावा, पण संदर्भ बघावा लागतो. आणि आपल्याकडं तरी काय वेगळं? “पडदा ओढ गं” म्हटल्यावर पोरगी आधी खिडकीतून ऊन येतंय का ते बघते, मग ठरवते.

ड्राफ्ट आणि ड्राउट

हा जिल्ह्याचा लाडका घोटाळा आहे, म्हणून जरा थांबते. पेपरात दुष्काळावर निबंध आला की निम्म्या उत्तरपत्रिकांत ‘जत तालुका इज अफेक्टेड बाय ड्राफ्ट’ अशा अर्थाचं स्पेलिंग येतं. एक ‘ए’ पडला ‘ओ’च्या जागी आणि दुष्काळाचा वारा झाला. ‘ड्राउट’ म्हणजे अवर्षण, तो ‘ड्राय’च्या कुळातला, त्याचा ओढण्याशी संबंध नाही. आणि ‘ए-यू-जी-एच-टी’वाला शब्द, म्हणजे वाऱ्याचा झोत, दिसायला ‘ड्रॉट’ वाटतो पण उच्चार ‘ड्राफ्ट’. तो ‘ड्रॉ’चा मुलगा.

या मुलाचा पसारा बघा. ओढकामाचं जनावर म्हणजे ‘ड्राफ्ट ॲनिमल’. माणदेशातलं खिल्लार हे नावाजलेलं ड्राफ्ट जनावर, आणि ते जिथलं तो मुलूख ड्राउटचा. एकाच वाक्यात दोन्ही शब्द बरोबर लिहून दाखवणाऱ्याला मी त्या दिवशी गृहपाठ माफ करते. साखर कारखान्याच्या बॉयलरवर आयडी फॅन आणि एफडी फॅन असतात, त्यातला ‘डी’ म्हणजे ड्राफ्ट. आयडी भट्टीतला धूर, वायू बाहेर ओढतो, एफडी हवा आत ढकलतो. म्हणजे ढकलणाऱ्यालाही नाव ओढणाऱ्याचंच मिळालं, भाषा कधी कधी असाच गोंधळ घालते. बँकेचा डिमांड ड्राफ्ट म्हणजे बँकेच्या एका शाखेनं दुसऱ्या शाखेवर काढलेला कागद. आणि पत्राचा कच्चा खर्डा म्हणजेही ड्राफ्ट, कारण तो आधी रेखाटलेला असतो.

टेंभू उपसा योजनेचं पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलून आटपाडीकडं नेतात. ते ‘वॉटर ड्रॉन फ्रॉम द कृष्णा’. इथं ‘ड्रॉन’ लिहा, ‘ड्राऊन’ नव्हे. 2019 च्या महापुरावर लिहिताना एकानं घरं ‘ड्रॉन’ केली होती. बुडणाऱ्या माणसाला ‘ड्राऊन’, बुडालेल्या घराला ‘सबमर्ज्ड’. पाण्यात काय काय ओढलं गेलं ते त्या पोरानं डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळं त्या चुकीला मी लाल रेघ मारली नाही, नुसतं वर बरोबर स्पेलिंग लिहिलं.

ड्रॉ, टाय आणि चिठ्ठी

सांगलीत 1915 मध्ये जन्मलेल्या विजय हजारेंचं उदाहरण इथं सोपं पडतं. 1951-52 ला इंग्लंड भारतात पाच कसोटी खेळलं. तीन सामने ड्रॉ. कानपूरला इंग्लंड जिंकलं, मद्रासला हजारेंच्या नेतृत्वाखाली भारत जिंकला, आपला कसोटीतला तो पहिला विजय. मालिका 1-1, म्हणजे मालिकाही ड्रॉ. पण यातल्या एकाही सामन्याला ‘टाय’ म्हणता येत नाही. वेळ संपली आणि निकालच लागला नाही तर ड्रॉ. शेवटचा डाव आटोपला आणि दोघांच्या धावा सारख्या भरल्या तर टाय. पुरुषांच्या कसोटीत टाय आजवर दोनच झालेत, 1960 मध्ये ब्रिस्बेनला आणि 1986 मध्ये मद्रासला. बुद्धिबळात मात्र टाय नाहीच, तिथं डाव ‘ड्रॉ’ होतो.

‘वर्ल्ड कपचा ड्रॉ जाहीर’ ही बातमी वाचून एकानं विचारलं होतं, खेळायच्या आधीच बरोबरी कशी काय? तो ड्रॉ चिठ्ठ्यांचा, कोणाची गाठ कोणाशी ते ठरवणारा. सरपंचपदाची आरक्षण सोडत असते तसा. आणि गावच्या निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली तर तो ‘टाय’, आणि चिठ्ठी टाकून तो सोडवतात तो ‘ड्रॉ’. त्या चिठ्ठीसाठी लहान मूल कुणाच्या घरचं आणायचं यावर भांडण होतं, ते इंग्रजीत सांगायला मला अजून शब्द सापडलेला नाही.

मूळ शोधायचा नाद लागला तर

हा खेळ खेळून पोरांना दुसरीच खोड लागते : प्रत्येक शब्दाचं एकच मूळ असणार असं धरून चालतात. ‘बॅट’ घेतली एकानं. वटवाघूळ आणि क्रिकेटची बॅट यांचं नातं जुळवत बसला, दोघंही हवेत फिरतात म्हणून. नातं नाही. वेगवेगळ्या वाटांनी आलेले ते दोन शब्द आहेत, उच्चार योगायोगानं एक झाला. म्हणून आधी चांगला शब्दकोश बघायचा. एकच शब्द असेल तर त्यात एकाच नोंदीखाली 1, 2, 3 असे अर्थ असतात. वेगळे शब्द असतील तर नोंदीच वेगळ्या, डोक्यावर छोटा आकडा घालून. हे न बघता मोबाईलवर शब्द टाकून वर येईल तो पहिला अर्थ उचलणं, ही पुतण्याचीच चूक, फक्त खणाऐवजी स्क्रीनवर.

उच्चाराचंही तेच. टेबलाचा खण ‘ड्रॉर’, एका झटक्यात. चेक काढणारा ‘ड्रॉ-अर’, दोन तुकड्यांत. आपण दोघांनाही ‘ड्रॉवर’ म्हणतो, आणि कागदावर तर दोन्ही सारखेच दिसतात. मग ओळखायचं कसं? कागद कोणी दिला ते बघून. बँकेच्या चिठ्ठीत खण येत नाही, सुताराच्या बिलात चेक काढणारा येत नाही.

काकांचं सांगायचं राहिलं. वकिलाची नोटीस मुदतीत गेली आणि व्यापाऱ्यानं पैसे भरले. महिन्यानं काका बेदाण्याची पुडी आणि पासबुक घेऊन पुन्हा हजर. पुडी माझ्यापुढं ठेवली आणि पासबुकातल्या एका ओळीवर बोट. ‘चेक रिटर्न चार्जेस’, आणि पुढं वजा झालेली रक्कम.

“ह्यो कसला चार्ज म्हणायचा?”

“आकार, काका. चेक परत आला ना, त्याचा बँक आकार लावते.”

“मला?”

“तुम्हाला.”

काका पासबुक मिटून थोडा वेळ बसले. “म्हंजी ओढायचं त्यानं,” ते म्हणाले, “आणि लादायचं माझ्यावर.”

फळ्यावर महिनाभर मांडलेलं सगळं त्यांनी एका वाक्यात बसवलं होतं. मागच्या बाकावरच्यानं ते वहीत लिहून घेतलं.